घरी बांधलेल्या गाडीची पेट्रोल सिस्टीम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साकीनाक्याच्या गाळ्यात, वसईच्या शेडमध्ये, कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये किंवा काकांच्या पनवेलच्या प्लॉटवर जे स्वतःच्या हाताने बग्गी, गो-कार्ट, छोटी जीप बांधतात, त्यांच्यासाठी हे पान आहे. कंपनीच्या गाडीत टाकी, पंप, पाईप आणि कार्बोरेटर एकमेकांसाठीच बनलेले असतात. आपल्या गाडीत इंजिन मारुती ८००चं, टाकी बाईकची, पंप कुर्ल्याहून आणलेला आणि पाईप मिळेल तो. सगळे भाग चांगले असूनही गाडी अडते आणि दोष बहुतेक वेळा दोन भागांच्या मधे सापडतो: जोडात, प्रेशरमध्ये, अर्थिंगमध्ये, उंचीत. म्हणून पुढच्या प्रत्येक उत्तरात आधी मोजायला सांगितलं आहे. पार्ट बदलायची वेळ सगळ्यात शेवटी येते.

हात लावण्यापूर्वी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, इंजिन गार होऊ द्या आणि पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा. स्टार्टर, इलेक्ट्रिक पंप किंवा इंजिन चालवायच्या चाचण्यांना मात्र बॅटरी जोडलेली लागते.

स्टार्टर फिरतो, पण इंजिन पेटत नाही. दोष पेट्रोलचा की स्पार्कचा?

दहा-बारा सेकंद स्टार्टर मारा आणि लगेच प्लग काढून बघा. प्लग कोरडा ठणठणीत असेल तर सिलिंडरपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. ओला असेल, पेट्रोलचा वास येत असेल, तर पेट्रोल पोचतंय. मग एक तर स्पार्क नाही, नाही तर पेट्रोल गरजेपेक्षा जास्त येऊन इंजिन गुदमरलंय.

प्लग कोरडा असेल तर पुढची चाचणी. इंजेक्शनच्या सिरिंजने दोन-तीन मिलिलिटर पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात सोडा, सिरिंज आणि बाटली लांब ठेवा, एअर फिल्टर परत बसवा आणि मगच स्टार्टर मारा. इंजिन दोन सेकंद पेटून बंद पडलं तर स्पार्क, टायमिंग, कॉम्प्रेशन कामापुरतं ठीक आहे, पेट्रोल येत नाही एवढंच. एअर फिल्टर न बसवता हे करू नका. बॅकफायर झाला तर ज्वाळा कार्बोरेटरच्या तोंडातून बाहेर येते आणि त्या वेळी वाकून बघणाऱ्याचं तोंड नेमकं तिथेच असतं.

पेट्रोल येत नाही हे कळलं. आता तपासायचं कुठून?

पेट्रोल जिथून निघतं तिथून, म्हणजे टाकीपासून. पण त्याआधी एकच मोजमाप करा, बरीच शोधाशोध वाचते. कार्बोरेटरला येणारा पाईप काढून तो खुणा केलेल्या बाटलीत सोडा, इलेक्ट्रिक पंप एक मिनिट चालवा आणि किती पेट्रोल आलं ते बघा.

किती यायला हवं? पेट्रोल इंजिन पूर्ण जोरात असताना एका हॉर्सपॉवरमागे तासाला साधारण पाव किलोच्या किंचित खाली पेट्रोल घेतं. मारुती ८००चं कार्बोरेटरवालं इंजिन ३७ हॉर्सपॉवरचं धरलं तर तासाला ११ लिटरच्या आसपास, म्हणजे मिनिटाला दोनशे मिलिलिटरपेक्षा थोडं कमी. बाटलीत मिनिटाला अर्धा लिटर आलं तर टाकीपासून पाईपच्या टोकापर्यंत सगळं व्यवस्थित आहे, कार्बोरेटर बघा. शंभरच आलं तर गाडी आयडलवर चालेल आणि चढावर मान टाकेल. मग एकेक पायरी मागे या: फिल्टरच्या आधी मोजा, पंपाच्या आधी मोजा, टाकीच्या तोंडाशी मोजा. ज्या दोन मोजमापांच्या मधे फरक पडला, दोष तिथे.

मेकॅनिकल पंप स्टार्टरवर फिरताना कमीच देतो. तिथे आकडा बघू नका, धार ठोक्याठोक्याने आणि जोरकस येते का ते बघा. या चाचणीत बॅटरी जोडलेली लागते, म्हणून कॉइलची वायर आधी काढा. उघड्या पेट्रोलच्या शेजारी स्पार्क नको.

गाडी दहा-पंधरा मिनिटं झकास चालते, मग बंद पडते. थोडं थांबलं की परत सुरू होते. पंप बदलून झाला, कार्बोरेटर साफ करून झाला.

आधी टाकीचं झाकण बघा. घरी बांधलेल्या गाड्यांमध्ये हा दोष इतका आढळतो की ही तक्रार ऐकली की माझा पहिला प्रश्न झाकणाचाच असतो.

टाकीतून पेट्रोल बाहेर जातं तेवढी हवा आत यायला हवी. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं की धार अडखळते, दुसरं पाडलं की सरळ लागते, तोच हा प्रकार. हवा आत आली नाही की टाकीत व्हॅक्यूम तयार होतो आणि पंप त्याच्याशी झगडत बसतो. गाडी बंद पडल्यावर हळूहळू कुठून तरी हवा शिरते, म्हणून पाच मिनिटांनी परत सुरू होते आणि माणूस समजतो की पंप गरम होत होता.

एका कॉलेजच्या मुलांच्या बग्गीला ॲल्युमिनियमची टाकी होती, वेल्डिंग सुरेख, झाकण मात्र एका मोटारीचं, रबर सीलवालं. त्या मूळ गाडीत टाकीला हवा द्यायला वेगळी नळी होती. इथे ती नव्हती. बंद पडलेल्या गाडीचं झाकण सैल केलं तशी "फुस्स" करून हवा आत गेली आणि आत ओढली गेलेली टाकीची बाजू "टक्क" आवाज करत जागेवर आली. आवाज ऐकल्यावर कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही.

झाकणाला खिळ्याने भोक पाडणं हा यावरचा उपाय नव्हे. गाडी उलटली तर त्याच भोकातून पेट्रोल चालकाच्या अंगावर येतं आणि पावसात त्यातूनच पाणी आत जातं. टाकीच्या माथ्यावर वेगळा निपल लावून पाच-सहा मिलिमीटर आतला व्यास असलेली नळी काढा. ती आधी भरायच्या तोंडापेक्षा उंच न्या, मग वळवून खाली आणा, चालक आणि सायलेन्सर या दोघांपासून दूर. मधे रोलओव्हर व्हॉल्व्ह घाला, तो गाडी उलटल्यावर नळी बंद करतो. टोकाला बारीक जाळी लावा, कारण कुंभारमाशीला अशी नळी घर करायला फार आवडते.

कार्बोरेटरमधून पेट्रोल ओव्हर होतंय, म्हणजे बाहेर सांडतंय.

कार्बोरेटरच्या आत तरंगणारा फ्लोट पेट्रोल पुरेसं भरलं की पिन सीटवर दाबून पेट्रोल बंद करतो. ते बंद होत नसेल तर यामागे बहुतेक वेळा तीन कारणं असतात. फ्लोटच्या पिनखाली कचरा अडकलाय, फ्लोटला भोक पडून तो बुडालाय किंवा पेट्रोलचं प्रेशर पिनेच्या ताकदीबाहेरचं आहे.

पहिल्या दोन गोष्टी कोणताही मेकॅनिक बघतो. फ्लोट कानाजवळ हलवा, आत पेट्रोल डुचमळलं तर तो गेला. पिनेच्या टोकाला नखाला जाणवेल अशी गोल रेघ पडली असेल तर पिन आणि सीट दोन्ही बदला, एकटी पिन बदलून काम भागत नाही.

आपल्या गाड्यांमध्ये खरी गोम तिसऱ्या कारणात असते. बाईकचा कार्बोरेटर गुरुत्वाकर्षणावर चालायला बनवलेला असतो. पेट्रोलची एक मीटर उंची म्हणजे जेमतेम १ पीएसआय (दाब मोजायचं एकक) प्रेशर. बाईकवर टाकी कार्बोरेटरच्या फूटभर वर असते, म्हणजे पिनेवर पाव-तृतीयांश पीएसआय. आता टाकी सीटमागे खाली गेली, म्हणून कुणीतरी मोटारीचा पंप लावला. कार्बोरेटरवाल्या मोटारीचा पंप ३ ते ५ पीएसआय देतो, म्हणजे पिनेवर दहापटीहून जास्त दाब. कार्बोरेटर दहा वेळा उघडून साफ केलात तरी तो ओव्हर होणारच.

यावर दोन मार्ग आहेत. कमी प्रेशरचा रेग्युलेटर लावून प्रेशर १ पीएसआयच्या आसपास आणा आणि जादा पेट्रोल टाकीत परत नेणारी रिटर्न लाइन टाका. किंवा, फ्रेममध्ये जागा असेल तर, टाकीच वर घ्या आणि पंपाची कटकट मिटवा. शंभर-दीडशे सीसीच्या कार्टसाठी मी दुसराच मार्ग सुचवेन. मात्र मधे पेट्रोल कॉक हवाच आणि गाडी उभी करताना तो बंद करायची सवय हवी. पिनेतून थेंब थेंब गळणारं पेट्रोल रात्रभरात सिलिंडरमध्ये उतरतं, ऑइलमध्ये मिसळतं आणि ऑइलची लेव्हल वाढलेली दिसते. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर ते बदलल्याशिवाय इंजिन फिरवू नका.

आयडल छान आहे, पण रेस दिली की दम तोडते.

मिनिटभराचं बाटलीचं मोजमाप आधी करा. ते ठीक असेल तर इंजिन पूर्ण रेसवर चालवा, तिथेच चावी बंद करा, क्लच दाबून गाडी थांबवा आणि प्लग काढा. पांढराफटक प्लग म्हणजे पेट्रोल कमी, हवा जास्त. काळा, काजळी धरलेला म्हणजे उलट. फिकट तपकिरी हवा.

पांढरा असेल तर मेन जेटमधला (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्यातला) कचरा, फ्लोटची कमी लेव्हल किंवा मॅनिफोल्डमधून, म्हणजे कार्बोरेटर ते इंजिन या वाटेत, शिरणारी हवा असते. शेवटची गोष्ट विसरू नका, कारण इंजिन आणि कार्बोरेटर यांच्या मधली ॲडॉप्टर प्लेट तुम्ही स्वतः कापलेली असते. इंजिन आयडलवर ठेवा आणि स्प्रेच्या बाटलीने साधं पाणी त्या जोडावर मारा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा घेतंय. काही जण यासाठी कार्बोरेटर क्लीनर मारतात, पण गरम सायलेन्सरच्या वर तो पेट घेतो. पाण्याने काम होत असताना ती जोखीम कशाला? पॅकिंग नवीन कापा आणि प्लेट काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट करा.

जेट तारेने साफ केला तर चालतं का?

नाही. पितळ मऊ असतं, स्टीलची तार भोक मोठं करते आणि मग जेटवरचा नंबर खोटा ठरतो. क्लीनर, कॉम्प्रेसरची हवा, फारच घट्ट बसलेला कचरा असेल तर नायलॉनचा धागा. ड्रिलने जेट मोठा करणं हा तर जुगार आहे, कारण मागे फिरायची वाट राहत नाही. दोन नंबर वरचे आणि दोन नंबर खालचे जेट विकत घेऊन ठेवा.

ई-२० पेट्रोलमुळे काय बिघडतं? सगळे त्यालाच दोष देतात.

काही दोष त्याचा आहे, सगळा नाही. ई-२० म्हणजे वीस टक्के इथेनॉल. फेब्रुवारी २०२३मध्ये ते पेट्रोल पंपांवर यायला सुरुवात झाली आणि २०२५मध्ये देशभरासाठीचं वीस टक्क्यांचं उद्दिष्ट गाठलं गेलं. म्हणजे मुंबईत आज टाकीत पडतं ते ई-२० धरूनच चाला.

पहिला परिणाम मिश्रणावर. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. ई-२०चा हिशोब साडेतेराच्या जवळ येतो. तुमचं इंजिन आणि जेट नव्वदच्या दशकातले असतील तर तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त पेट्रोल लागणार आणि जुना जेट ते देणार नाही. गाडी मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) असल्यासारखी वागते: गार असताना झटके, रेस सोडताना सायलेन्सरमध्ये फटाके, इंजिन तापणं. जेटवरचा नंबर व्यास दाखवत असेल तर १००च्या जागी १०५च्या आसपासचा लावून प्लगचा रंग बघा. गाडी मुळातच ई-२०वर ट्यून केली असेल तर हे करायची गरज नाही.

दुसरा परिणाम रबरावर, आणि तो जास्त घातक. जुना नायट्राइल रबराचा पाईप फुगतो, मऊ पडतो, आतून सुटायला लागतो. ते काळे कण फिल्टर चोंदवतात, बारीक असतील ते जेटमध्ये बसतात. मेकॅनिकल पंपाचा जुना डायफ्राम याच कारणाने जातो. पाईप काढून आतल्या बाजूने बोट फिरवा, बोट काळं झालं तर तो पाईप गेला. पंपाच्या आणि कार्बोरेटरच्या किटमध्ये ओ-रिंग व्हायटनच्या (इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या) आहेत का, हे दुकानदाराला विचारूनच घ्या.

तिसरं म्हणजे इथेनॉल जुन्या टाकीतला चिकट थर विरघळवतं. वर्षानुवर्षं पडून राहिलेली टाकी वापरात घेतली की पहिल्या दोन-तीन भरण्यांत फिल्टर हमखास चोंदतो. तो उपभोग्य माल समजा आणि दोन जास्तीचे आणून ठेवा.

आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती आहे, घरी कळेल?

कळतं. मोजमापाच्या काचेच्या नळीत २० मिलिलिटर पाणी घ्या, वर ८० मिलिलिटर पेट्रोल घाला, तोंड बंद करून हलवा, झाकण हळूच सैल करून वाफ सोडा आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्याकडे जातं, त्यामुळे खालचा थर वाढतो. रेघ २०वरून ३६च्या आसपास गेली तर १६ मिलिलिटर इथेनॉल, म्हणजे ८०चे वीस टक्के. हे उघड्यावर, विडी-सिगारेट आणि स्विचपासून लांब करा.

पावसाळ्यानंतर गाडी मिस मारते. टाकीत पाणी गेलं असेल का?

शक्यता भरपूर. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा दमट असते, अर्धवट भरलेल्या टाकीत आतल्या बाजूला दव धरतं आणि इथेनॉल तो ओलावा शोषून घेतं. एका मर्यादेपर्यंत ते पाणी पेट्रोलमध्येच मिसळून राहतं आणि इंजिनातून निघून जातं, तुम्हाला कळतही नाही. ती मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून तळाला बसतात. पाईप पेट्रोल घेतो तोही तळातूनच.

टाकीच्या अगदी तळातलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढा आणि अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला किंवा सगळंच धुरकट असेल तर टाकी पूर्ण रिकामी करा. वरून ताजं पेट्रोल घालून पातळ करायचा प्रयत्न करू नका. टाकी, पाईप, फिल्टर, फ्लोट चेंबर असं सगळं काढून कोरडं करा. जूनच्या आधी एक तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, नाही तर पूर्ण रिकामी आणि कोरडी. अर्धी ठेवू नका.

मे महिन्यात गरम गाडी थांबवली की परत सुरू होत नाही. अर्ध्या तासाने होते.

पेट्रोलचा हलका भाग पस्तीस-चाळीस अंशांच्या पुढे उकळायला लागतो. चालू गाडीत पेट्रोल वाहतं राहतं म्हणून पाईप गार असतो. गाडी थांबली की इंजिनाची धग पाईपमध्ये आणि कार्बोरेटरमध्ये शिरते, आत वाफ होते आणि पंप वाफ ढकलू शकत नाही. पंप इंजिनाजवळ असून लांबून पेट्रोल ओढत असेल तर त्रास वाढतो, कारण ओढणाऱ्या पाईपमध्ये दाब कमी असतो आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं.

म्हणून इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली बसवा. तो ढकलायला बनलाय, ओढायला नाही. पाईप सायलेन्सरपासून हातभर लांब न्या, जमत नसेल तर मधे पत्र्याचं शील्ड द्या. रिटर्न लाइन टाका, म्हणजे पेट्रोल फिरतं राहतं आणि वाफ टाकीत परत जाते. कार्बोरेटरखाली हायलम शीटचा (उष्णता अडवणाऱ्या कडक शीटचा) आठ-दहा मिलिमीटर जाड स्पेसर बसवा. इतक्या कमी पैशांत एवढा फरक पाडणारं दुसरं काम मला माहीत नाही.

फ्युएल इंजेक्शनवालं इंजिन बसवलंय. चावी फिरवली की पंपाचा आवाज येत नाही.

चावी ऑन केली की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) पंपाला दोन-तीन सेकंद करंट देतो आणि थांबवतो. तो बारीक आवाज आलाच पाहिजे. नाही आला तर फ्यूज, मग रिले. रिलेच्या सॉकेटमध्ये ३० आणि ८७ या पिना फ्यूज असलेल्या वायरने जोडा. पंप चालला तर रिले किंवा ईसीयूचा सिग्नल बघा. नाही चालला तर पंप किंवा वायर.

आवाज येतो पण प्रेशर नाही, ही तक्रार त्याहून जास्त येते. पंप चालू असताना मल्टिमीटर थेट पंपाच्या दोन टर्मिनलवर लावा. बॅटरीवर १२.५ व्होल्ट आणि पंपावर १०.८ असतील तर पंप निर्दोष आहे, वायरिंग त्याला उपाशी ठेवतंय. मग बॅटरीची निगेटिव्ह ते पंपाची निगेटिव्ह असं मोजा. अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर अर्थिंग खराब. आपल्या फ्रेमना पावडर कोटिंग केलेलं असतं आणि अर्थचा बोल्ट त्या रंगावरच कसलेला असतो. तेवढी जागा खरवडून चकचकीत करा, बोल्ट कसा, वरून ग्रीस लावा. आपल्या खाऱ्या हवेत उघडं तांबं काही महिन्यांत हिरवं पडतं. पंपाला स्वतंत्र अर्थ वायर थेट बॅटरीपर्यंत नेलीत तर उत्तमच.

बऱ्याच इंजेक्शन गाड्यांना साधारण ३ बार, म्हणजे ४३-४४ पीएसआय लागतात. हा आकडा गेजवर बघूनच पुढचा तर्क करा. कार्बोरेटरचा पंप इथे कधीच पुरणार नाही आणि इंजेक्शनचा पंप कार्बोरेटरला कधीच लावू नका. गेज काढण्याआधी प्रेशर सोडा: पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग जोडावर फडकं धरून सैल करा.

इलेक्ट्रिक पंप असेल तर आणखी एक गोष्ट हवीच. इंजिन बंद पडल्यावर पंप आपोआप थांबला पाहिजे. ईसीयू ते करतो. कार्बोरेटरवाल्या गाडीत ऑइल प्रेशर स्विच आणि धडक बसल्यावर पंपाचा करंट तोडणारा इनर्शिया स्विच टाका.

वळणावर इंजिन गचके खातं, सरळ रस्त्यावर ठीक.

पेट्रोल टाकीच्या एका कडेला जातं आणि ओढणारी नळी उघडी पडते. टाकी पूर्ण भरून तेच वळण घ्या, त्रास गेला तर निदान पक्कं. टाकीत भोकं असलेले आडवे पत्रे घाला, नळी तळाच्या खोलगट भागात न्या. इंजेक्शन असेल तर अर्ध्या-एक लिटरचा स्वर्ल पॉट (कायम भरलेली छोटी उपटाकी) लावा, म्हणजे मुख्य टाकीत क्षणभर हवा आली तरी मोठ्या पंपाला पेट्रोल मिळत राहतं. फॉर्म्युला स्टुडंटच्या (कॉलेजांच्या रेसिंग कार स्पर्धेच्या) मुलांनी हे टाकी बनवण्याआधीच ठरवावं.

काचेच्या फिल्टरमध्ये बुडबुडे दिसतात. गळती मात्र कुठेच नाही.

पंपाच्या आधीच्या पाईपमध्ये व्हॅक्यूम असतो. तिथल्या सैल जोडातून पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते. टाकी ते पंप प्रत्येक क्लिप तपासा. इंजेक्शनच्या प्रेशरवर मात्र काचेचा फिल्टर वापरू नका.

टाकी कशाची बनवावी? जीआय (झिंकचा थर दिलेला) पत्रा चालेल?

जीआय नको. झिंकचा थर इथेनॉल आणि ओलाव्याने सुटतो आणि पांढरा चुरा होऊन जेटमध्ये बसतो. ॲल्युमिनियम किंवा साधं स्टील घ्या, किंवा स्क्रॅपमधली चांगली बाईकची टाकी. टाकी बनली की पेट्रोल घालण्याआधी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने हलकी हवा भरा, दोन-तीन पीएसआयच्या वर नको, आणि साबणाचं पाणी लावून बघा.

पेट्रोल भरून झालेली टाकी कधीही वेल्डिंगला देऊ नका. रिकामी असली, धुतलेली असली, महिनाभर उन्हात ठेवलेली असली तरीही. सांध्यात उरलेली वाफ स्फोटाला पुरते. अशी टाकी फेकून नवी बनवा.

पाईप आणि क्लिप मुंबईत कुठे घ्यावेत?

नवा पाईप, क्लिप, फिटिंग मशीद बंदरजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर. गाडीचे नवे सुटे भाग ऑपेरा हाउसच्या परिसरात. जुना पंप, सेंडर (टाकीतली पातळी दाखवणारा भाग), कार्बोरेटर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा चोर बाजारात. पाईपवर एसएई जे३० आर९ किंवा आर१४ असं छापलेलं बघा, पैकी इंजेक्शनच्या प्रेशरसाठी आर९. नुसतं "पेट्रोलचाच आहे, साहेब" पुरेसं नाही. टाकीच्या आत बुडणाऱ्या पाईपचा प्रकार वेगळा असतो, बाहेरचा पाईप आत टाकला की तो बाहेरून विरघळतो.

एसीवाल्याकडची तांब्याची नळी टाळा. इंजिनाच्या कंपनाने ती कडक होऊन चिरते. ब्रेक लाइनची स्टीलची नळी वापरा. जोडांवर सिलिकॉन सीलंट लावू नका, ते पेट्रोलमध्ये सुटून पुढे जातं. तारेने आवळलेला पाईप दिसला तर आजच्या आज क्लिप लावा.

बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये काम करतो. पेट्रोलचा वास येतो असं शेजारी म्हणतात.

शेजारी बरोबर आहेत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. ती वर जात नाही, जमिनीवरून सरपटत खड्ड्यात, गटारात, लिफ्टच्या डक्टमध्ये साठते. बेसमेंटमध्ये पेट्रोलचं कोणतंही काम करू नका. गाडी ढकलत उघड्यावर आणा. गळती सापडेपर्यंत टाकी रिकामी ठेवा. आग लागलीच तर पाणी मारू नका, पेट्रोल पाण्यावर तरंगत आग पसरवतं. पावडर एक्स्टिंग्विशर ज्वाळेच्या बुडाशी मारा, माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

पेट्रोलची कटकट नको म्हणून सीएनजी किट बसवलं तर?

नको. सीएनजीच्या सिलिंडरमध्ये २०० बार प्रेशर असतं, त्याला मान्यताप्राप्त किट, मान्यताप्राप्त फिटर आणि दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) लागते. हातबनावटीच्या फ्रेमवर त्याचे माउंटिंग कुणीही पास करणार नाही.

दुरुस्तीनंतर ट्रायल रस्त्यावर घेतली तर चालेल?

नाही. नव्याने बांधलेल्या गाडीची पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेकडून चाचणी झाल्याशिवाय नोंदणी होत नाही आणि नोंदणी झालेल्या गाडीत मनाजोगे बदल करायला मोटार वाहन कायदा १९८८च्या कलम ५२ने मनाई आहे. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून बनवलेली किकवाली छोटी जीप २०२१च्या अखेरीस देशभर गाजली, कौतुक झालं, बदल्यात बोलेरो मिळाली, पण रस्त्याचे नियम त्या जीपलाही लागू होतेच. ट्रायल खासगी, बंदिस्त जागेत, मालकाच्या परवानगीने घ्या.

टाकीतून काढलेलं खराब पेट्रोल कुठे टाकायचं?

गटारात नाही, मातीत नाही, बेसिनमध्ये तर अजिबात नाही. गटारातून वाफ कुणाच्या तरी मोरीत पोचते. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ते दोन दिवस स्थिर ठेवा. वरचं स्वच्छ पेट्रोल बारीक जाळीतून गाळून सुटे भाग धुवायला वापरता येतं. तळातलं पाणी-इथेनॉलचं मिश्रण वेगळ्या डब्यात भरून त्यावर ठळक अक्षरात "खराब पेट्रोल" लिहा आणि जळकं ऑइल रीतसर गोळा करायला देणाऱ्या एखाद्या मोठ्या वर्कशॉपला विचारून त्यांच्याकडे द्या. तोवर डबा सावलीत, घराबाहेर, मुलांच्या हाताला लागणार नाही असा ठेवा.